रस्त्यालगतच्या भाड्याच्या घरात झोपण्याची शास्त्रोक्त पद्धत

(नव्या भाडेकरूंसाठी मार्गदर्शिका. पुण्यातले रस्ते गृहीत धरून लिहिली असली, तरी किरकोळ फेरफार करून पनवेलपासून नागपूरपर्यंत कुठेही वापरता येईल.)

पायरी पहिली : घर रात्री बघणे

भाड्याचे घर बघायचा मुहूर्त एजंट काढतो आणि तो बहुधा रविवारी सकाळी अकराचा निघतो. त्या वेळी दुकाने अर्धी उघडलेली असतात, कुत्री गाड्यांखाली झोपलेली असतात आणि शाळेच्या बसना सुट्टी असते. एजंट हॉलची खिडकी सरकवून म्हणतो, “वारा बघा सर, पंखा लावायची गरजच नाही.” इथे भाडेकरूने सावध व्हावे. वारा ज्या वाटेने येतो, त्याच वाटेने आवाज येतो. फरक एवढाच की मे महिन्यात वारा पडतो, आवाज पडत नाही.

म्हणून टोकन देण्याआधी त्याच इमारतीसमोर रात्री साडेअकरा ते साडेबारा उभे राहावे. वॉचमनने हटकले तर रिक्षाची वाट बघतोय असे सांगावे. या तासाभरात पुढील बाबी तपासाव्यात. समोर गतिरोधक आहे का? त्याच्या अलीकडे-पलीकडे ड्रेनेजचे चेंबर आहे का? कोपऱ्यावर अंडाभुर्जीची गाडी लागते का? समोरच्या खांबावर फ्लेक्स आहेत का? असल्यास फ्लेक्सवरचे चेहरे मोजावेत. प्रत्येक चेहऱ्यामागे वर्षाला एक वाढदिवस असतो आणि तो रात्री बारा वाजताच सुरू होतो.

एवढी तपासणी करूनही तेच घर घ्यावे लागते, कारण बजेटमध्ये तेवढेच बसते. तेव्हा वेळ न दवडता पुढच्या पायरीकडे वळावे.

पायरी दुसरी : वेळापत्रक तयार करणे

नवा भाडेकरू पहिल्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत सुटतो, “रात्रभर नुसता आवाज असतो हो!” अशा मोघम तक्रारीने आजवर कोणाला झोप लागलेली नाही. उशाशी वही ठेवून नोंदी कराव्यात. नमुना असा :

१०.४० – मेडिकलचे शटर. एकदाच पडते, पण मनापासून.

११.१५ – भुर्जीच्या गाडीवर शेवटचे गिऱ्हाईक. तव्यावर उलथने आणि राज्याच्या राजकारणावर चर्चा, दोन्ही एकाच लयीत.

१२.०० – भाऊंचा वाढदिवस. केक स्कॉर्पिओच्या बॉनेटवर, फटाक्यांची माळ रस्त्यावर. केक तलवारीने कापल्यास आवाज वाढत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पाहून पोलीस भाऊंचा पत्ता विचारत येतात.

१२.५० – सायलेन्सर बदललेली बुलेट. फटाके संपले असा कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून.

१.३० – काँक्रीटचे मिक्सर. शहरातल्या बऱ्याच रस्त्यांवर दिवसा जड वाहनांना मनाई असते, म्हणून शहर रात्री बांधले जाते.

२.०० ते ३.३० – कुत्र्यांची हद्दनिश्चिती. निकाल लागत नाही, पुढची तारीख मिळते.

४.१५ – दुधाचा टेम्पो. क्रेट उतरवणे आणि क्रेट आपटणे ही या धंद्यात एकच क्रिया आहे.

५.०० – पेपरवाले फूटपाथवर बसून पुरवण्या भरतात. गप्पा कालच्या, पेपर आजचा.

६.०० – कायद्यातली रात्र संपते. मागोमाग घंटागाडी येते.

हे नेहमीचे वेळापत्रक झाले. गणेशोत्सवाआधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, किंवा लग्नसराईत वरात आली, की त्यात हंगामी गाड्यांची भर पडते.

कोणी विचारेल, हेच आवाज दिवसा एवढे का बोचत नाहीत? एक कारण उघड आहे : दिवसाच्या कालव्यात त्यांना कोणी विचारत नाही. दुसरे कारण हवेत आहे. दिवसा जमीन तापलेली असते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते आणि आवाज वरच्या दिशेला वळतो. निरभ्र रात्री जमीन आधी निवते, गार हवा खाली बसते आणि आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतो. म्हणून दूरच्या फाटकातल्या रेल्वेचा भोंगाही पहाटे उशाशी ऐकू येतो. यात कोणाचा दोष नाही. निसर्गही भाडेकरूच्या बाजूने नाही, एवढेच लक्षात ठेवावे.

पायरी तिसरी : साहित्य जमवणे

*पडदे.* नातेवाईक सर्वप्रथम जाड पडदे सुचवतात. पडद्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो आणि उजेड अडतो. रस्त्यावरचा आवाज मात्र पडद्याला जुमानत नाही. आवाज अडतो तो वजनाने, मऊपणाने नव्हे. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला देणाऱ्यालाही हेच ऐकवावे. ट्रे काढताना निघालेला रंग डिपॉझिटमधून कापला जातो, हेही जोडीला सांगावे.

*खिडकी.* भाड्याच्या फ्लॅटला बहुधा ॲल्युमिनियमच्या तीन ट्रॅकच्या सरकत्या खिडक्या असतात : दोन काचेच्या, एक जाळीची. पल्ल्यांच्या कडेची लव झडलेली असते आणि लॅच लागत नसतो. ध्वनिशास्त्राचा एक निर्दय हिशेब इथे कामी येतो. खिडकीच्या एक टक्का जागेत जरी फट राहिली, तरी काच कितीही जाड लावा, आवाज वीस डेसिबलपेक्षा जास्त कमी होत नाही. म्हणून जाड काचेची स्वप्ने बघण्याआधी हार्डवेअरच्या दुकानातून फोमची चिकटपट्टी आणावी आणि फटी बुजवाव्यात. पट्टीला शंभर-दोनशे रुपये पडतात. फट पूर्ण बुजली की नाही याची खूण सोपी आहे : खोलीत गुदमरायला लागते.

*कानातले बोळे.* कापसाच्या बोळ्यांचा फारसा उपयोग नाही. फोमचे प्लग मेडिकलमध्ये मिळतात. ते नुसते कानाच्या तोंडाशी खोचून “काही फरक पडत नाही” म्हणणारे पुष्कळ आहेत. प्लग बोटांत वळून बारीक सुरळी करावी, विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, सुरळी आत सरकवावी आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावी. अशा अवस्थेत कोणी पाहिले तर शाळेतली कान धरण्याची शिक्षा आठवेल, आठवू द्यावी. कुत्री, हॉर्न आणि पेपरवाल्यांच्या गप्पा यांवर हा उपाय चांगला चालतो. डीजेचा ठोका मात्र कानाची परवानगी न घेता भिंतीतून, पलंगातून आणि छातीतून येतो. सकाळचा गजर ऐकू येत नाही तो वेगळाच. त्यासाठी घरात एक माणूस बिनबोळ्यांचा ठेवावा. तो कोण, यावर आठवडाभर चर्चा चालते.

*पंखा.* पाचवर ठेवावा. त्याच्या एकसुरी घरघरीत बारीकसारीक आवाज बुडून जातात. मालकाचा पंखा कुरकुरत असेल तर दुरुस्त करून घेण्याची घाई नको. तो आता उपकरणात जमा झाला आहे.

*जागा.* वन बीएचकेची रचना अशी असते की हॉल रस्त्याकडे, बेडरूम रस्त्याकडे आणि शांततेच्या बाजूला संडास व ड्राय बाल्कनी. घरातली सर्वांत शांत झोपण्याजोगी जागा म्हणजे मधला पॅसेज. गादी तिथे टाकावी. पाहुण्यांनी विचारल्यास पाठीच्या दुखण्याचे कारण सांगावे. त्यावर कोणी शंका घेत नाही.

पायरी चौथी : कायद्याचा आधार घेणे

कायदा पूर्णपणे भाडेकरूच्या बाजूने आहे. ही वाक्यरचना वाचूनच अनुभवी वाचकाने जे समजायचे ते समजावे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयाच्या शंभर मीटर परिसरात शांतता क्षेत्र जाहीर झालेले असेल, तर तिथे ती ४०. रात्री उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते. २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री हॉर्न वाजवणे, आवाजाचे फटाके उडवणे आणि आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवणे यांनाही मनाई झाली. आता वरचे वेळापत्रक पुन्हा वाचावे. नियम करणाऱ्याने आपल्याच खिडकीत बसून यादी केली असावी, इतकी ती तंतोतंत आहे.

प्रथम फोनवर डेसिबल मोजणारे ॲप घ्यावे. फोनचा माइक प्रमाणित नसतो, तरी मनाच्या समाधानाला पुरतो. खिडकी बंद, रस्ता शांत, फक्त पंखा चालू, अशा वेळी बऱ्याचदा ४५ च्या वरच आकडा दिसतो. पहिला आरोपी घरातच सापडल्याने खचून जाऊ नये.

मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा अधिक आवाज झाला तर तक्रार करता येते. म्हणजे मर्यादा ४५ ला, तक्रारीचा हक्क ५५ ला. मधले दहा डेसिबल नागरिकाच्या संस्कारांसाठी राखून ठेवलेले आहेत. रात्रीच्या बंदीचाच भंग होत असेल तर मात्र आकड्याची वाट बघावी लागत नाही. ११२ लावावा. फोन उचलला जातो, पत्ता विचारला जातो, गाडीही येते. गाडी आली की डीजे बंद होतो, गाडी गेली की सुरू होतो. या मधल्या वेळेत झोप लागण्याचा सराव ठेवावा. तेवढ्यात तक्रारदाराला फोन येतो, “साहेब, जरा खाली या आणि कुठून आवाज येतो ते दाखवा.” खाली जाऊ नये. भाऊंना भाडेकरूचा चेहरा माहीत नाही, हे भाडेकरूचे एकमेव संरक्षण आहे.

मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला एक नामी प्रयोग केला होता. सिग्नलला डेसिबल मीटर जोडला. लाल दिव्याला थांबलेल्यांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे ९० सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. हॉर्न वाजवणाऱ्याला फुकटात उपदेश करण्याऐवजी त्याचा वेळ कापून घेतला. यातून भाडेकरूने एकच धडा घ्यावा : आवाज कमी करायचा तर आधी तो कोणाचा आहे ते शोधावे लागते.

पायरी पाचवी : आवाजाचा मालक शोधणे

मालकीनुसार आवाजाचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग, ओळख होऊ शकणारे मालक. पहाटे सव्वाचारला एकदा खाली उतरावे, दुधाच्या टेम्पोवाल्या मामांची चौकशी करावी, दोन पिशव्या तिथूनच घ्याव्यात. क्रेट दुसऱ्या दिवशीही आपटतात; पण आता ते मामांचे क्रेट असतात. अनोळखी माणसाचा आवाज जितका चीड आणतो, तितका ओळखीच्याचा आणत नाही. पुढे मामा एखाद्या पहाटे आले नाहीत, तर भाडेकरू स्वतःहून वॉचमनला विचारतो, “आज गाडी आली नाही का हो?” मेडिकलवाल्यालाही याच पद्धतीने शटरमध्ये ग्रीस घालायला सांगता येते, मात्र आधी महिनाभर औषधे त्याच्याचकडून घ्यावी लागतात.

दुसरा वर्ग, ज्यांचे मालक फ्लेक्सवर आहेत. इथे कृती काहीच नाही. त्यांच्या वाढदिवसांच्या तारखांना कॅलेंडरवर खुणा करून ठेवाव्यात आणि त्या दिवशी बहिणीकडे राहायला जावे.

तिसरा वर्ग बेवारस आवाजांचा, आणि त्याचा मुकुटमणी म्हणजे चेंबरचे झाकण. ते ड्रेनेजचे, केबलचे की पावसाळी गटाराचे, हे झाकणालाही ठाऊक नसते. चौकटीत ते नीट बसत नाही, एका कोपऱ्यावर डुगडुगते. पुढचे चाक आले की ढब्, मागचे आले की ढब्. कारचे दोन ठोके, मिक्सरचे तीन. महिन्याभरात भाडेकरू डोळे मिटून वाहन ओळखू लागतो आणि आपल्याला काही तरी येतंय असा त्याला अभिमानही वाटू लागतो. ही धोक्याची पातळी समजावी.

उपाय असा. पंक्चरच्या दुकानातून ट्रकची जुनी ट्यूब आणावी, फुकट मिळते. तिची दोन बोटे रुंद पट्टी कापावी. रविवारी दुपारी, झाकणाच्या अलीकडे स्कूटर आडवी लावून, वॉचमन आणि भुर्जीवाला यांना हाताशी घ्यावे. पहारीने झाकण एका बाजूने उचलावे. बोटे खाली घालू नयेत. आधी चौकटीच्या खाचेत अडकलेली खडी झाडून काढावी, निम्मे डुगडुगणे तिथेच संपते. मग ज्या कोपऱ्यात झाकण टेकत नाही तिथे पट्टी घालून ते खाली सोडावे. येणारे-जाणारे थांबून विचारतील, “कोणत्या डिपार्टमेंटचे?” उत्तर न देता घड्याळाकडे बघावे, खात्री पटते. त्या रात्री मिक्सर येतो आणि झाकणावरून मुकाट्याने जातो.

पायरी सहावी : करार वाढवणे

झोप नुकती लागायला लागते तोवर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार संपत येतो. मालक घर बघायला येतात. हॉलमध्ये बसतात, चहा घेतात, खिडकीकडे बघतात आणि म्हणतात, “एरिया आता किती शांत झालाय, नाही? त्या हिशेबाने दहा टक्के तरी वाढवावे लागतील.” ज्या शांततेसाठी भाडेकरू खड्ड्यात वाकला, तिचेच भाडे त्याच्याकडून घेतले जाण्याचा हा क्षण टाळता येतो.

मालक येण्याच्या दिवशी सकाळी खाली जाऊन पट्टी काढून आणावी. खिडकी सताड उघडावी. मालकांना रस्त्याकडेच्या खुर्चीवर बसवावे आणि आपण झाकणाच्या ठोक्यांत मध्येच “काय म्हणालात?” असे दोन-तीनदा विचारावे. वाढ पाच टक्क्यांवर येते. अंगठे लागले, नोंदणी झाली, की त्याच रात्री पट्टी परत जागेवर बसवावी.

घर सोडायचेच ठरले, तर पट्टी सामानात बांधायला विसरू नये. नव्या घरासमोरही चेंबर असतेच.