मेजरचा कॅप्टन होताना

देवळालीला तोफखान्यात नेमणूक झालेल्या माणसाची नजर हळूहळू आभाळाकडे जायला लागते. कारण शेजारीच, नाशिक रोडच्या गांधीनगरला, लष्करी वैमानिकांची शाळा आहे आणि तिथली चीता-चेतक हेलिकॉप्टरं दिवसभर डोक्यावर घरघरत असतात. भूदलाला स्वतःचं उड्डाणदल आहे आणि ते १९८६ पासून स्वतंत्रपणे उभं आहे, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. देवळालीत ते पोराटोरांनाही ठाऊक असतं, कारण दुपारची झोप त्यांचीच मोडते.

या हकिकतीतले मेजरसाहेब तोफखान्याचेच. वय तेहतीस, प्रकृती ठणठणीत, पदरी एक मुलगी आणि कमिशन अल्पमुदतीचं. या कमिशनचा व्यवहार असा, की दहा वर्षं नोकरी, मागितली आणि मिळाली तर चार वर्षांची वाढ, मग ग्रॅच्युइटी घेऊन रामराम. पेन्शन नाही. बरोबरीचे अधिकारी अशा वेळी एमबीएला जातात किंवा एखाद्या कारखान्याचे सुरक्षा अधिकारी होतात. मेजरसाहेबांनी एका रविवारी पोहे खाता खाता आपण व्यावसायिक वैमानिक होणार असल्याचं जाहीर केलं. आधी सहवैमानिक आणि मग यथावकाश एअरलाइनचे कॅप्टन.

सासरे मुक्कामाला आलेले होते. ते निवृत्त नायब तहसीलदार. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "म्हणजे जावईबापू, मेजरचे कॅप्टन व्हायला आपणच पैसे भरायचे? आमच्या महसूल खात्यात अशी पदावनती रीतसर चौकशीनंतर व्हायची, आणि तीसुद्धा फुकट."

मेजरसाहेबांनी जे. आर. डी. टाटांचा दाखला दिला. जेआरडी तरुणपणी फ्रान्सच्या सैन्यात सक्तीच्या भरतीत सैनिक होते. पुढे मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला, क्रमांक एकचा. सैनिकाचा वैमानिक झालाच की नाही? वहिनी, म्हणजे मेजरसाहेबांच्या पत्नी, एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात आहेत. त्यांनी मोबाइलवर दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "त्यांचं लग्न कधी झालं?" ते १९३० ला झालं. "बघा. आधी सैन्य, मग परवाना, मग लग्न. तुमचा क्रम चुकलाय."

तोफखान्याचा माणूस पहिला गोळा हुकला म्हणून मोर्चा सोडत नाही. दुसऱ्या दिवशी मेजरसाहेब सरला ठकरालना घेऊन आले. लाहोरला १९३६ साली, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून एकटीने जिप्सी मॉथ विमान उडवणारी बाई. तेव्हा तिची मुलगी चार वर्षांची होती. "आणि तिला उत्तेजन कुणी दिलं? सासऱ्यांनी!" सासऱ्यांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. वहिनी म्हणाल्या, "तिच्या सासरी घरभर पायलट होते. आपल्या घरात गियरची गाडी चालवणारी मी एकटी."

तरीही विषय बंद झाला नाही, हे वहिनींच्या बाजूने सांगायला हवं. कर्ज विभागातल्या माणसाला स्वप्नांचं वावडं नसतं; त्याला फक्त त्यांची कागदपत्रं लागतात.

मग शाळा निवडणं सुरू झालं. मेजरसाहेबांनी ते लष्करी पद्धतीने हाती घेतलं, म्हणजे भिंतीवर नकाशा, त्यात टाचण्या आणि प्रत्येक टाचणीची एक फाइल. महाराष्ट्रात टाचण्या टोचायला जागा बरीच आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब जुहूचा, पण त्याचं शिकवणं धुळ्यात. तापीकाठी शिरपूरला एक शाळा. पर्जन्यछायेत असल्याने पावसाळ्यातही बऱ्यापैकी आभाळ मोकळं असणारं बारामती. गोंदियाजवळ बिरसीची राष्ट्रीय संस्था. अमरावतीच्या बेलोऱ्याला वर्षाला १८० वैमानिक घडवण्याच्या इराद्याने एअर इंडियाने हाती घेतलेला प्रकल्प. राज्याबाहेर रायबरेलीजवळ फुरसतगंजची सरकारी अकादमी, जिचं नाव या क्षेत्रात आदराने घेतात. ती टाचणी लगेच काढावी लागली. तिथे खुल्या प्रवर्गाला वयाची अट २८ ची आहे. मेजरसाहेब सियाचीनला राहून आले होते, पण या अटीपुढे त्यांचा चेहरा पहिल्यांदा पडलेला घरच्यांनी पाहिला.

गोंदियाची टाचणी सासऱ्यांनी उपटली. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस एका दिवसाहून अधिक वेळ धावते आणि तरी महाराष्ट्रातच असते, हे त्यांनी नोकरीत असताना अनुभवलं होतं. नाशिकहून विदर्भ एक्स्प्रेस एका रात्रीत पोचवते हे सांगून उपयोग झाला नाही. शिवाय मे महिन्यातला विदर्भ. तापलेली हवा विरळ होते आणि लहान विमान विरळ हवेत कण्हत वर चढतं, हे मेजरसाहेबांनीच पुस्तकात वाचून दाखवलं होतं.

अमेरिकेतल्या मेव्हण्याने फोनवरून वेगळाच सूर लावला. तिथे सैनिकी सेवेतून सुटलेल्यांच्या उड्डाणशिक्षणाला सरकार पैसे देतं; अट एवढीच, की खासगी परवाना आधी स्वतःच्या खर्चाने काढलेला हवा. आणि तो काढायला चाळीस तासांपासून पुढे, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार जमेल तसं शिकता येतं. ऐकायला छान होतं. फक्त त्यासाठी मेजरसाहेबांनी दहा वर्षं दुसऱ्या देशाच्या सैन्यात काढायला हवी होती.

आपल्याकडचा हिशेब असा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या डीजीसीएला, व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमानाची सगळी जबाबदारी स्वतःकडे असताना. एक लांबचा प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटरचा, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून. पाच तास रात्रीचे. दहा तास बाहेर न बघता, केवळ उपकरणांवर नजर ठेवून. या शेवटच्या कलमावर वहिनी म्हणाल्या, की बाहेर न बघता गाडी चालवायचा सराव यांना आहे.

मेजरसाहेबांची योजना रजांवर उभी होती. वर्षाची साठ दिवसांची रजा, रोज एक तास उड्डाण, म्हणजे साठ तास. तीन वर्षांच्या सगळ्या रजा आणि चौथ्या वर्षातले वीस दिवस, की २०० तास पुरे. वहिनींनी शांतपणे विचारलं, "त्या चौथ्या वर्षी उरलेले चाळीस दिवस घरी याल ना?" योजना तिथेच संपली. तशीही ती कच्चीच होती. दहा महिने हात न लावता पुन्हा विमानात बसलं तर आधीचे पाच-दहा तास विसरलेलं आठवण्यात जातात, आणि त्या आठवण्याचेही पैसे पडतात. आणि रोज एक तास मिळेल हे तर कोणतीच शाळा छातीवर हात ठेवून सांगत नाही. दृश्यमानता पाच किलोमीटरच्या खाली गेली की नवशिका जमिनीवर.

खरी गंमत पुढे झाली. एका शाळेचं गुळगुळीत माहितीपत्रक घरी आलं. शाळेचं नाव इथे नको. पानोपानी पांढरी विमानं, मावळता सूर्य, हसरे विद्यार्थी. मेजरसाहेब हरखले. वहिनींनी भिंग मागवलं. भारतातल्या प्रत्येक विमानाच्या अंगावर 'व्हीटी'पासून सुरू होणारी अक्षरं असतात, मोटारीच्या नंबरप्लेटसारखी. वहिनींनी ती प्रत्येक फोटोतून वहीत उतरवून घेतली. माहितीपत्रकातली बरीचशी विमानं म्हणजे एकच विमान निघालं, चार बाजूंनी काढलेलं.

त्यानंतर त्यांनी फोनवर शाळेच्या समुपदेशकाला कर्जदारासारखं समोर बसवलं. विद्यार्थी किती? शंभर. विमानं किती? दहा. वहिनींची पेन्सिल चालू झाली. शंभर विद्यार्थ्यांना प्रत्येकी २०० तास म्हणजे वीस हजार तास. दहा विमानांत वाटले तर एका विमानाच्या वाट्याला दोन हजार. रोज चार तास उडालं तरी पाचशे दिवस, आणि त्या पाचशे दिवसांत पाऊस नाही, धुकं नाही, दिवाळी नाही आणि बिघाड तर नाहीच. त्यात दर शंभर तासांनी विमान तपासणीला हँगरमध्ये जाणार, म्हणजे वीस वेळा. आणि अशा विमानांवर सर्रास असणारं लायकमिंगचं इंजिन दोन हजार तासांना ओव्हरहॉलला येतं. "म्हणजे आमच्या यांचा परवाना आणि तुमचं इंजिन एकाच दिवशी संपणार. बरं, दहातली आज सकाळी उडाली किती?" समुपदेशक म्हणाला, की सर फोन करतील. सरांचा फोन अजून आलेला नाही.

एरवी या धंद्यात प्रश्न विद्यार्थ्यालाच विचारले जातात. आता शाळांचाही निकाल लागू लागला आहे, ही चांगली गोष्ट. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए उड्डाणशाळांना श्रेणी देतं. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत एकही शाळा बसली नाही. सासऱ्यांनी ती बातमी कापून टाचण्यांच्या नकाशावर चिकटवली, गोंदियापासून मुंबईपर्यंत झाकेल अशी.

मग वहिनींनीच सूत्रं हातात घेतली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते मोहीम तेव्हा कुठे मार्गाला लागली. पहिलं कलम वैद्यकीय तपासणीचं. लष्करात शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, असलेल्या माणसाला पुन्हा कसली तपासणी, म्हणून मेजरसाहेब दुखावले. पण नागरी परवान्याला आधी वर्ग दोन आणि मग वर्ग एकचं प्रमाणपत्र लागतंच, आणि लाखांची फी भरल्यावर डोळ्यांत काही निघालं तर फी परत मिळताना डोळ्यांत पाणी येतं. दुसरं कलम पेपरांचं. हवाई मार्गदर्शन, हवामानशास्त्र, नियम आणि तांत्रिक विषय यांच्या परीक्षा विमानाला हात न लावता, नोकरीत राहून देता येतात. तिसरं पैशाचं. एकूण खर्च चाळीस लाखांच्या पुढे जातो, वर एखाद्या मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते चालवण्याची खास पात्रता, वेगळं; तेव्हा एकरकमी सवलतीच्या मोहात न पडता तासांप्रमाणे हप्ते. चौथं कलम लेकीने घातलं. शाळा अशी हवी, की बाबा शनिवारी रात्री घरी जेवायला येतील. त्यामुळे नकाशावर मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेल्या टाचण्या तेवढ्या उरल्या.

कमांडिंग ऑफिसरसाहेबांच्या परवानगीशिवाय यातलं काहीच होत नाही. त्यांनी अर्ज वाचला आणि परीक्षेला बसायला हरकत नाही म्हणाले, दारूगोळ्याचा हिशेब वेळेवर आला तर. उड्डाण मात्र सेवामुक्त झाल्यावरच.

सध्या घरात रेडिओवरच्या बोलण्याचा सराव चालतो. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमाला सैन्यात आणि विमानात एकच, त्यामुळे तो एक विषय मेजरसाहेबांना आयता मिळाला. लेक शाळेत हजेरीच्या वेळी तशीच ओ देते आणि बाईंची चिठ्ठी आली आहे. हवामानशास्त्राचं पुस्तक सासऱ्यांनी वाचायला नेलं, ते परत केलेलं नाही. डीजीसीएच्या प्रत्येक पेपरात उत्तीर्ण व्हायला शंभरात सत्तर लागतात. मेजरसाहेबांचे घरच्या सराव परीक्षेतले गुण वहिनींनी गोपनीय ठेवले आहेत.

आणखी कुणाच्या घरी पोह्यांवर अशी घोषणा झाली असेल, तर पहिला हप्ता भरण्याआधी वैद्यकीय तपासणी उरकून घ्या. मग एकदा, कुणालाही न कळवता, सकाळी साडेसहाला धावपट्टीच्या कुंपणाशी जाऊन उभे राहा आणि विमानं मोजा. उडतात तेवढीच मोजा, उभी असलेली धरू नका.