६० हजार बीटीयू आणि एक थालीपीठ

न्यू जर्सीतला मराठी माणूस मे उजाडला की स्वयंपाक घराबाहेर काढतो. त्यामागे निसर्गप्रेम नसतं, स्मोक अलार्म असतो. घरात लाल मिरचीची फोडणी पडली की तो बोंब मारतो आणि शेजारी खिडकीशी येतात. म्हणून मागच्या अंगणात प्रोपेनवर चालणारा ३६ इंची ग्रिडल. शेजारी त्याच्यावर बर्गर दाबतात, आम्ही डोसे घालतो.

आमचा जुना ग्रिडल यंदाच्या बर्फात गेला. वरचा पत्रा गंजला असता तर घासून, तेल चोळून, धूर निघेपर्यंत तापवून परत माणसात आणता आला असता. पण बर्नरच्या नळ्याच सडल्या. नवा घेणं आलं. आई तेव्हा आमच्याकडेच होती, त्यामुळे निवड समितीही आपोआप ठरली.

दुकानातला मुलगा उत्साहाने म्हणाला, ‘चार बर्नर, ६० हजार बीटीयू!’ आईने मला विचारलं, ‘सिमवर किती?’ मी ते इंग्रजीत विचारलं. त्याने खोक्याच्या चारही बाजू वाचल्या. जास्तीत जास्त आच ठळक अक्षरांत होती, कमीत कमी कुठेच नव्हती. बरोबरच आहे. बर्गरला भडका लागतो. थालीपिठाला मात्र भोकांत तेल सोडून, झाकण ठेवून निवांत बसायचं असतं. त्यात दुकानातल्या ग्रिडलला गॅस जोडलेला नसतो. पेटवून बघायची सोय नाही.

मग आम्ही ओळखीच्यांच्या घरी जाऊन ग्रिडल बघू लागलो. एका मित्राने तापमान मोजायची लेझरची बंदूक आणली. आईने बोटांनी पाणी शिंपडलं. थेंब चुरचुरून आटण्याऐवजी टणाटण नाचायला लागले, तशी ती म्हणाली, ‘फार तापलाय, पीठ पळीलाच चिकटेल.’ बंदुकीने २१५ सेल्सियस दाखवलं. बंदूक खिशात गेली.

दुसऱ्या एका घरी मात्र आच इतकी सुरेख मंद की थालीपीठ खरपूस झालं आणि आईने तिथल्या तिथे पसंती देऊन टाकली. चौकशीअंती कळलं, यजमानांनी सिलिंडर झटक्यात उघडला होता. तसं केलं की गळती झाली असं समजून सुरक्षेची झडप गॅस अडवते आणि ज्योत मिणमिणत राहते. त्यांनी सगळं बंद करून, नळी काढून पुन्हा जोडली, सिलिंडर हळूहळू उघडला; आणि ग्रिडल इतरांसारखाच आग ओकायला लागला. ‘आधीचाच बरा होता,’ आई म्हणाली. बिघाड विकत मिळत नाही, हे तिला पटवायला वेळ लागला.

शेवटी घेतला तो जाड पत्र्याचा, चारही बर्नरना वेगळ्या कळा असलेला, वारा अडवायला बाजूला पट्ट्या असलेला. पोलाद उष्णता आडवी पसरवायला आळशी असतं आणि तो आळस इथे कामाला येतो. उजवीकडचे दोन बर्नर लावून डोसे, डावीकडचं टोक विझलेलं, आणि मधल्या कोमट पट्ट्यात थालीपीठ. शेजारच्यांनी कुतूहलाने तिथेच बर्गर ठेवून पाहिला. तो अजून कच्चाच होता तेव्हा आमची दोन थालीपिठं खाऊन झाली होती.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा बीटीयूचा आकडा सोडून द्या. एक बर्नर अगदी बारीक करून, अंगणातल्या वाऱ्यात तो विझतो का, एवढं कुणाकडे तरी बघून घ्या. आणि सिलिंडर हळू उघडा.