ड्रायव्हर उतरवून मशीन पाडण्याची सोपी पद्धत

लिनक्समध्ये ड्रायव्हर चढवायला सगळेच शिकतात. उतरवण्याचं फंक्शन रात्री साडेअकराला, जांभया देत लिहिलं जातं. अशा होतकरू मंडळींसाठी ही मार्गदर्शिका. पायऱ्या निष्ठेने पाळल्यास ‘आरएममॉड’ या एका आज्ञेत धडधाकट मशीन गार पडेल. लागणारं साहित्य : रूटचा पासवर्ड आणि आत्मविश्वास. चाचणीचं मशीन ऐच्छिक.

पायरी 1 : इंटरप्ट परत करू नका. ‘रिक्वेस्ट_आयआरक्यू’ने तुम्ही कर्नलला हँडलरचा पत्ता दिलेला असतो. ‘फ्री_आयआरक्यू’ गाळून ड्रायव्हर उतरवलात की त्याच्या मॉड्यूलची मेमरी जाते, पण नोंद तशीच राहते. पुढचा इंटरप्ट आला की प्रोसेसर थेट त्या पत्त्यावर उडी मारतो आणि तिथे कोड नसतो. डिव्हाइस गप्प बसलं तरी निराश होऊ नका. हँडलरचं नावही सहसा मॉड्यूलच्याच मेमरीत असतं; कुणीतरी सहज ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ वाचायला जाईल आणि तुमचं काम त्याच्या हातून होईल.

पायरी 2 : ओळख चुकीची सांगा. सामाईक इंटरप्ट लाइन म्हणजे वाड्याची एकच बेल. ती वाजली की प्रत्येक बिऱ्हाडाने डोकावून ‘आमच्याकडे’ किंवा ‘आमच्याकडे नाही’ असं सांगायचं. कोणतं बिऱ्हाड हललं हे कर्नलला ‘डेव्ह_आयडी’वरून कळतं. नोंदवताना एक पॉइंटर द्या, सोडताना दुसरा. ही लाइन आधीच मोकळी आहे, अशी कर्नल कुरकुर करेल. हँडलर मात्र जागेवरच राहील.

पायरी 3 : डिव्हाइस ओरडत ठेवा. त्याचे इंटरप्ट बंद न करता हँडलर तेवढा काढून घ्या. सामाईक लाइनवर आता इंटरप्ट येत राहतील आणि कुणीच ते आपले म्हणणार नाही. कर्नल सोशिक आहे : 1,00,000 इंटरप्टपैकी 99,900 हून अधिक बेवारस निघाले, तरच ‘नोबडी केअर्ड’ असा शेरा मारून ते लाइनच बंद करतं. त्या लाइनवर बसलेलं, काहीच न केलेलं नेटवर्क कार्डही मग लंगडू लागतं. बोल त्याच्या ड्रायव्हरला लागतो, हा वरचा फायदा.

पायरी 4 : मेमरी आधी सोडा, इंटरप्ट मागून. ‘फ्री_आयआरक्यू’ दुसऱ्या कोअरवर चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतं. पण हँडलर ज्या बफरवर काम करतोय तो तुम्ही आधीच सोडलेला असेल, तर या थांबण्याला अर्थ उरत नाही. याहून धाडसी असाल तर ‘फ्री_आयआरक्यू’ हँडलरच्या आतूनच बोलवा : तो स्वतःच्याच संपण्याची वाट बघत बसेल. हँडलरने मागे ठेवलेली वर्कक्यूची कामं आणि टायमर तसेच सोडा. तेही नाहीशा झालेल्या कोडकडेच धावतील.

पायरी 5 : ‘डेव्हएम’वर आंधळा विश्वास ठेवा. ‘डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू’ने घेतलेला इंटरप्ट आपोआप सुटतो, पण तुमचं ‘रिमूव्ह’ फंक्शन संपल्यावर. त्या फंक्शनात बफर हाताने सोडलात की पायरी 4 पुन्हा, तीही नकळत.

विशेष खबरदारी : ‘कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू’ हा पर्याय चालू करू नका. तो सामाईक लाइन सोडताना हँडलरला मुद्दाम एकदा बोलावून बघतो, आणि चूक गिऱ्हाइकाकडे पोहोचण्याआधी तुमच्याच टेबलावर उघडी पडते.

मशीन चालूच ठेवण्याची अडचण असेल, तर क्रम असा : आधी डिव्हाइस गप्प करा, मग ‘फ्री_आयआरक्यू’, मग उरलेली कामं आणि टायमर थांबवा, मेमरी सर्वांत शेवटी. आणि डिव्हाइस काम करत असताना ड्रायव्हर पुन्हा पुन्हा चढवून-उतरवून बघा. जो ड्रायव्हर सुखरूप उतरत नाही, तो पूर्ण झाला असं म्हणू नका.