उच्च शिक्षण, तळमजल्यापासून

मी एक सहामाही जर्मनीत शिकून आलोय असं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा निरखून पाहतात, आणि निरखून झालं की विषय बदलतात. त्यांचं बरोबरच आहे. मला तिकडे कुणी गुणांवर भाळून बोलावलं नव्हतं. आमच्या विद्यापीठाचा ट्यूबिंगेनशी देवाणघेवाणीचा करार होता, इकडचा एक तिकडे आणि तिकडचा एक इकडे, आणि त्या वर्षी इकडून जायला माझ्याखेरीज कुणी अर्जच केला नव्हता. मीही केला तो पैशांचा हिशोब बघून. ट्यूबिंगेन ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात येतं, तिथे युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १५०० युरो फी पडते, करारातून आलेल्याला मात्र ती माफ असते. बाबांनी १५०० ला युरोच्या भावानं गुणलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, ‘जा.’ आमच्या घरात सोफ्याच्या कव्हरावर यापेक्षा जास्त चर्चा होते.

मग तयारी सुरू झाली. बाबांनी एक जाडजूड फाइल केली, तिला रंगीत कप्पे पाडले आणि प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या. व्हिसासाठी राहण्याखाण्याचा खर्च, २०२४ साली महिन्याला ९३४ युरो या हिशोबानं, आधीच एका खात्यात भरून कुलूपबंद करायचा होता, आणि तिकडे गेल्यावर तो मला दरमहा हप्त्यानं मिळणार होता. म्हणजे पैसे बाबांचे, उधळणारा मी, आणि मध्ये उभं जर्मन सरकार. बाबांना ही व्यवस्था इतकी आवडली की इतकी वर्षं आपल्याला हे का सुचलं नाही, याची हळहळ त्यांनी शेजाऱ्यांकडेही बोलून दाखवली.

बॅगेचं खातं आईकडे होतं. वजनकाट्यावर आधी बॅग घेऊन मी उभा राहायचो, मग बॅगेशिवाय, आणि मधला फरक तेवीस किलोंच्या वर गेला की आई माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच ऐनवेळी वजन कमी केलंय. पुस्तकं बाहेर आली, कुकर आत गेला. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, लोणच्याची बरणी हे सगळं माझ्या शर्टांत गुंडाळलं गेलं. तुपावरून मात्र खडाजंगी झाली. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे मी नियम उघडून वाचून दाखवलं. ‘तूप म्हणजे काय दूध आहे का?’ आई म्हणाली. याला युरोपियन युनियनकडेही उत्तर नसावं, पण तूप राहिलं. बॅगेची चेन लावता लावता ती एवढंच म्हणाली, ‘निदान केर काढायला तरी शिकून जा. जन्मात केरसुणी धरलेली नाहीस.’

‘आई,’ मी तुच्छतेनं म्हणालो, ‘तिकडे व्हॅक्यूम क्लीनर असतात.’

मी पोचलो तो ईस्टरच्या शनिवारी, रात्री. घर टेकडीवर, चार मजली, जुनं. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं विद्यार्थी राहणार होतो, पण बाकीचे तिघं सुट्टीला गेलेले. किल्ली तळमजल्यावरच्या आजींकडे होती. किल्ली देताना आजी खूप वेळ बोलल्या. मी पुण्यात ए-टू पातळीची जर्मन परीक्षा बऱ्या मार्कांनी पास झालो होतो, त्यामुळे मला समोरच्या खुर्चीवर टेबल आहे का आणि माझ्या मावशीचा कुत्रा मोठा आहे का, एवढं अस्खलित विचारता येत होतं. आजी बोलत होत्या तिकडची बोली, श्वेबिश. पुस्तकातली मराठी शिकून थेट मालवणच्या मासळीबाजारात उतरावं, तशी माझी गत झाली. माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. हसलो, आणि जिथे जिथे त्या श्वास घ्यायला थांबल्या, तिथे तिथे ‘या, या’ म्हणालो.

त्या रात्री मी कशाकशाला होकार दिला, ते पुढे हप्त्याहप्त्यानं कळत गेलं. पहिला हप्ता दुसऱ्याच दिवशी. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, आणि ईस्टरच्या सोमवारीही बंद. बाबांच्या फाइलमध्ये ‘आगमन’ या कप्प्यात दूतावासाचा नंबर होता, माझा रक्तगट होता, विमानाच्या तिकिटाच्या तीन झेरॉक्स होत्या. हे तेवढं नव्हतं. तांदूळ तिकडेच घेऊ असं ठरलेलं, त्यामुळे मेतकूट होतं आणि भात नव्हता, लोणचं होतं आणि पोळी नव्हती. मी मेतकूट पाण्यात कालवून खाल्लं, नंतर भाजणी कोरडीच भाजून खाल्ली, आणि सोमवारी संध्याकाळी लोणचं नुसतंच चाटत खिडकीतून नेकार नदी बघत बसलो. फार सुंदर नदी आहे. आजींनी त्या रात्री विचारलं होतं, ‘घरात खायला आहे ना काही? नसेल तर आमच्याकडे जेवायला येशील?’

या, या.

यथावकाश बाकीचे तिघं आले. हाम्बुर्गची एक मुलगी, एक स्पॅनिश आणि एक कोरियन. याच गावातल्या श्टिफ्ट नावाच्या वसतिगृहात एके काळी हेगेल, होल्डरलिन आणि शेलिंग एकाच खोलीत राहायचे, त्यामुळे खोलीतल्या गप्पांतून युरोपचं तत्त्वज्ञान कसं घडलं वगैरे मी विमानात वाचून ठेवलं होतं. आमच्या फ्लॅटमध्ये पहिली तात्त्विक चर्चा झाली ती चहाच्या चोथ्यावर. चोथा ओल्या कचऱ्यात. पण मी तो कागदात बांधून टाकलेला. कागद निळ्या डब्यात. पण कागद आता ओला. मग? पुण्यात ओला आणि सुका, दोन डबे आणि दारात येणारी घंटागाडी, एवढ्या तयारीवर मी आलेला. इथे ओला वेगळा, कागद वेगळा, प्लास्टिक-पत्रा पिवळ्या पिशवीत, उरलेलं काळ्यात, आणि काचा कोपऱ्यावरच्या मोठ्या पेट्यांत, त्याही पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा जात बघून. लोणच्याची बरणी संपली तेव्हा ती घासून, पुसून, पांढऱ्या काचेची खात्री करून मी मोठ्या ऐटीत पेटीपाशी गेलो आणि आत सोडली. केवढा आवाज झाला! समोरच्या बाल्कनीत एक गृहस्थ उभे राहिले आणि मनगटाकडे बोट दाखवू लागले. मला वाटलं किती वाजले विचारतायत. मी घड्याळ बघून सांगितलं. रविवार होता, आणि रविवारी काच टाकायची नसते.

वेळेचं तर नावच काढू नका. तिकडे वेळापत्रकात दहाचं व्याख्यान लिहिलेलं असतं आणि पुढे सी. टी. अशी दोन अक्षरं असतात. ती असली की तास सव्वादहाला सुरू होतो. मी, जर्मन वक्तशीरपणाच्या धाकानं, पावणेदहालाच जाऊन रिकाम्या वर्गात बसायचो आणि हे लोक आपल्यासारखेच निघाले म्हणून मनोमन सुखावायचो. त्या सुखात सैलावून मी तोंडी परीक्षेला आरामात सव्वादहाला गेलो. त्या कागदावर एस. टी. लिहिलेलं होतं, म्हणजे दहाच्या ठोक्याला. आपल्याकडे एस. टी. उशिराच येते, हा बचाव मला जर्मनमध्ये करता आला नाही.

पण खरा प्रकार घडला पाटीचा. एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी आमच्या फ्लॅटच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. तळहाताएवढी, कडेनं फुलं रंगवलेली, वर वळणदार अक्षरात ‘केरवोखं’ असं काहीतरी. मुलगी हाम्बुर्गला गेलेली, दोघे झोपलेले. नव्या बिऱ्हाडकरूचं स्वागत करायची किती गोड रीत, असं मनाशी म्हणत मी ती काढली, फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि आत्यानं लगेच हात जोडून ‘किती संस्कारी लोक’ असं लिहिलं. व्हिडिओ कॉलवर आईनं पाटी जवळून बघितली आणि ‘शुभ असेल, कुंकू लाव’ असं सांगितलं. मी कुंकू लावून ती पलंगाच्या वर गणपतीच्या फोटोशेजारी टांगली.

तर ती पाटी म्हणजे पाळी होती. तिकडच्या श्वेबियात, म्हणजे ट्यूबिंगेन-श्टुटगार्टच्या भागात, जिना झाडायचा, पुसायचा, फाटकासमोरचा फुटपाथ लोटायचा, तळघराच्या पायऱ्या काढायच्या, हे काम बिऱ्हाडांनी आठवड्याआठवड्यानं वाटून घेतलेलं असतं. पाटी ज्याच्या दारावर, आठवडा त्याचा. काम झालं की त्यानं ती पुढच्या दारावर अडकवायची. मी पाटी देवापाशी नेल्यामुळे घरातला सगळा क्रमच थांबला. वरचे वाट बघत होते, खालचे वाट बघत होते, आणि जिन्यावर अशी धूळ साठत गेली की मलाही दिसू लागली. ‘यांच्याकडे स्वच्छता वगैरे सगळं ऐकीवच,’ असं मी घरी कळवूनही टाकलं.

शेवटी आजींनी दार वाजवलं. मागे हाम्बुर्गची मुलगी दुभाषी म्हणून. माझ्या खोलीचं दार उघडंच होतं. आजींनी पाटी पाहिली, तिच्यावरचं कुंकू पाहिलं, गणपतीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाल्या. ‘पहिल्या रात्री यांनी तुला सगळं समजावून सांगितलं होतं,’ मुलगी म्हणाली, ‘आणि तुला फार आनंद झाला होता म्हणे.’

त्या शनिवारी मी आयुष्यात पहिल्यांदा झाडू हातात घेतला. व्हॅक्यूम क्लीनर होता, पण त्याची वायर दुसऱ्या वळणापर्यंतच पुरायची. मी पद्धतशीरपणे तळमजल्यापासून सुरुवात केली. एकेक पायरी लख्ख करत वर गेलो, वरच्या पायरीचा केर लख्ख झालेल्या खालच्या पायरीवर पडत गेला, आणि वर पोचून मी अभिमानानं मागे वळून पाहिलं, तर जिना होता तसाच होता, फक्त धुळीची जागा बदलली होती. मग बादलीभर पाणी आणून पुसायला घेतला. न झाडलेला जिना ओला केला की त्याचं काय होतं, हे ज्यानं पावसाळ्यात आमच्या सोसायटीचं पार्किंग पाहिलंय त्याला सांगायला नको. आजी दाराच्या फटीतून बघत होत्या. मी वर गेल्यावर खालून झाडूचा आवाज येऊ लागला. त्या सगळं पुन्हा काढत होत्या.

स्वयंपाकघरातही मी नाव राखलं. ट्यूबिंगेनच्या किल्ल्यातल्या जुन्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा होती, आणि तिथेच १८६९ साली फ्रिडरिश मीशर यानं इस्पितळातल्या पट्ट्यांवरच्या पुवातून आज आपण ज्याला डीएनए म्हणतो तो पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला. पू घेऊन स्वयंपाकघरात बसलेल्या माणसाला गावात संग्रहालय मिळालं. मी साधी आमटीला फोडणी दिली. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, ठसका पॅसेजमध्ये गेला आणि छतावरची धुराची घंटा कोकलायला लागली. ती बंद करायला मी स्टुलावर चढलो, तेवढ्यात मागे कुकरनं शिट्टी दिली. वारही कळीचा, रविवार. आजी वर आल्या तेव्हा तिसरी शिट्टी होत होती आणि मी टॉवेलनं छताला वारा घालत होतो. तेवढ्यात त्यांची नजर ओट्यावरच्या हळदीच्या डागावर गेली आणि घंटा राहिली बाजूला.

आपण तिकडे कशासाठी गेलोय याबद्दलचा माझा गैरसमज पुढे एका व्याख्यानात दूर झाला. प्राध्यापक विद्यापीठाचा इतिहास सांगत होते. १४७७ साली काउंट एबरहार्ड यानं ते स्थापलं, आणि त्याला मोठी दाढी होती म्हणून त्याचं नाव ‘दाढीवाला एबरहार्ड’. इथवर मी निर्धास्तपणे लिहून घेत होतो. मग ते हसत म्हणाले की केरवोखंची रीतही लोक त्याच्याच काळापर्यंत मागे नेतात, श्टुटगार्टच्या १४९२ च्या नगरनियमापर्यंत. माझं पेन थांबलं. म्हणजे विद्येचं दार उघडणारा आणि त्या दारासमोरचा फुटपाथ लोटायला लावणारा, दोन्ही एकाच दाढीचे उपद्व्याप! मी त्यातल्या पहिल्यासाठी अर्ज केला होता. निवड माझी दुसऱ्यात झाली होती.

त्या दिवसापासून मी वर्गापेक्षा जिन्याकडे जास्त गांभीर्यानं पाहू लागलो. वरून खाली झाडायचं, कोपरा आधी काढायचा, फडकं घट्ट पिळायचं, कठड्याच्या खालच्या बाजूलाही हात फिरवायचा, हे मला आजींनी हातवारे करून शिकवलं, आणि खरं सांगतो, संपूर्ण सत्रातला एवढाच एक विषय मला शब्द न शब्द कळला. बदल्यात मी त्यांना भाजणीचं थालीपीठ दिलं. त्यांनी ते काट्या-सुरीनं खाल्लं, वर जॅम लावून.

जुलैअखेरच्या शनिवारी, माझ्या शेवटच्या पाळीला, आजींनी कठड्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या. मी कान देऊन उभा. झाडूचा आवाज आला नाही. श्वेबिश लोकांत एक म्हण आहे, की कुणी बोल लावला नाही म्हणजे भरपूर कौतुक झालं. पुण्यात वाढल्यामुळे मला ती समजावून घ्यावी लागली नाही.

मी तिथेच पायरीवर बसून आईला फोन लावला. निकालाचं विचारेल म्हणून विषय आधीच फिरवला आणि जिन्याचं सगळं सांगितलं, कोपऱ्यांसकट, कठड्यासकट, बोटासकट. आई मध्ये एकदाही बोलली नाही. मला वाटलं, गहिवरली.

‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘गणपतीच्या आत ये. माळा काढायचाय.’