जाणीव निर्माण होईल

तारापूर एमआयडीसीतल्या प्रशिक्षणांच्या कागदांवर एक वाक्य हमखास भेटतं : 'या सत्रानंतर कामगारांमध्ये सुरक्षेची जाणीव निर्माण होईल.' वाक्य भारदस्त आहे आणि पूर्ण सुरक्षितही, कारण जाणीव निर्माण झाली की नाही हे बघायला जायचं कुठे? बोईसरला संध्याकाळची लोकल पकडणाऱ्याच्या चेहऱ्यावर ती दिसत नाही. दिसतो तो थकवा. फीडबॅक फॉर्मवर मात्र सगळ्यांनी 'उपयुक्त' वर खूण केलेली असते. फॉर्म दिल्याशिवाय वडापाव मिळत नाही.

रॉबर्ट मेगर या अमेरिकन गृहस्थांनी १९६२ साली प्रशिक्षणाची उद्दिष्टं कशी लिहावीत यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. शिकलेला माणूस काय करताना दिसेल, कोणत्या परिस्थितीत, आणि कितपत जमलं म्हणजे पुरे, एवढंच लिहा, असं त्यांचं म्हणणं. एवढ्यानेच आपल्या निम्म्या फायली आडव्या होतात.

लिहून बघू. 'वायुगळतीचा भोंगा वाजल्यावर कामगार वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉककडे बघेल, वाऱ्याला आडवा चालत वायूच्या पट्ट्याबाहेर पडेल आणि असेंब्ली पॉइंटवर हजेरी देईल.' झकास! पण लगेच शंका सुरू. रिअ‍ॅक्टरपाशी उभ्या माणसाला विंडसॉक दिसतो का? की मधे शेड येते? स्लाइड इंग्रजीत, बोलणं हिंदीत आणि ऐकणारा ओडिशाचा, तर 'आडवा' म्हणजे कुठे हे त्याला कोण दाखवणार? कामगाराला शिकवायला निघालेलं वाक्य असं साहेबांनाच प्रश्न विचारू लागतं. त्याचा हा खोडसाळपणा मला फार आवडतो. 'जाणीव' बिचारी असलं काही विचारत नाही.

डोळ्यांना दिसेल असं शिकवणं इथे नवं नाही. तारापूरच्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. मोठी मुलं गुरांमागे, म्हणून शाळा कुरणात. शिकवण्याआधी आंघोळ घालायची, नखं कापायची. 'अध्ययन निष्पत्ती' हा भारदस्त शब्द तेव्हा सरकारी कागदांवर आला नव्हता. पण कापलेली नखं कुणालाही दिसतात, मोजताही येतात.

म्हणून पुढच्या सत्राच्या कागदावर पहिली ओळ मी अशी सुचवेन : 'व्यवस्थापक खुर्चीतून उठून रिअ‍ॅक्टरपाशी उभे राहतील आणि विंडसॉक शोधून दाखवतील. अवधी : पहिला चहा येईपर्यंत.'