बीपीचं मशीन वापरण्याची शास्त्रोक्त पद्धत

मशीनला चार पेन्सिल सेल लागतात. ते टीव्हीच्या रिमोटमधून काढलेले नसावेत आणि मॅच सुरू झाल्यावर तिकडे परत जाणारेही नसावेत.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू आणि चालणे वर्ज्य. कर्जत स्टेशनापर्यंत जाऊन दिवाडकरांचा वडा आणि एक कटिंग उरकून येणे 'जरा पाय मोकळे करणे' या सदरात बसत नाही. लघवीला जाऊन यावे. तुंबलेली असली की आकडा चढतो.

त्यानंतर खुर्चीत पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. याच कलमावर आमचे अप्पा अडतात. अहो, उभी हयात रेल्वेत गेली. पुण्याच्या गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागल्याशिवाय ती घाट चढत नाही, ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे, तोवर कर्जतला थांबायचंच, हे दारातून डोकं काढून कुरकुरणाऱ्या पाशिंजरांना त्यांनी हजारदा ऐकवलं असेल. स्वतः मात्र दुसऱ्या मिनिटाला उठून खिडकीत. का, तर मालगाडी चाललीय, मागे किती इंजिनं आहेत ते बघायचंय. मग घाईघाईने पट्टा, लगेच बटण, आणि १५८ आलं की 'मशीन बिघडलंय.'

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वळीपासून दोन बोटे वर. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीत. खालापूरच्या आत्याच्या दंडाला आमचा पट्टा तोकडा पडतो, आणि तोकडा पट्टा आकडा फुगवून दाखवतो. तिच्यासाठी मोठा पट्टा आणावा. कारण मात्र तिला दुसऱ्या कुणीतरी सांगावे.

'कानाला नळी न लावता याला कळतं कसं?' ही अप्पांची शंका रास्त आहे. नळी लावून ऐकण्याची रीत १९०५ साली कोरोत्कोव नावाच्या रशियन डॉक्टरांनी सांगितली. हे मशीन ऐकत नाही; नाडीच्या ठोक्यागणिक पट्ट्यातली हवा थरथरते, तेवढं टिपतं. म्हणून मोजताना हात हलवू नये, बोलू नये. 'भाजीत मीठ नाही' एवढंसुद्धा बोलू नये.

एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे, दोन्ही आकडे लिहावेत. सातदा मोजून मनासारखा आलेला आठवाच लिहिणे, याला लॉटरी म्हणतात. घरची सरासरी १३५/८५ च्या वर राहू लागली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे; गोळी आपल्या मनाने बंद करू नये. कळलं का, अप्पा?

वही परवा मी चाळली. मागचा आठवडाभर रोज १२६/८०, एकाच पेनाने. सेल तेव्हा रिमोटमध्ये होते.

त्याआधीच्या तारखांचे आईचे आकडे शेवटच्या पानावर आहेत. '०६.४०, चहाआधी. ०६.४२, पुन्हा.' तिला मात्र पाच मिनिटं पुरी बसवतात.