एररसुद्धा येत नाही

एखादी वस्तू खाणीतून निघाल्यापासून कचऱ्यात जाईपर्यंत निसर्गाला किती छळते, याचा हिशोब म्हणजे जीवनचक्र मूल्यांकन. 1969 मध्ये कोका-कोलानं एका अमेरिकी संस्थेकडून आपल्या बाटल्या-डब्यांचा असा अभ्यास करून घेतला. या प्रकारातला तो पहिला मानतात. तेव्हा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हती. काम बहुधा वेळेवर झालं असावं.

आता असा हिशोब करणारं ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर आहे. ते फुकट आणि मुक्तस्रोत आहे, म्हणजे तक्रारीची सोयच उरत नाही. कोड समोर उघडाच पडलेला, खुपतंय तर तुम्हीच दुरुस्त करा. चाकणच्या कारखानदारांना युरोपातली गिऱ्हाइकं हल्ली सुट्या भागासोबत त्याचा कार्बनचा आकडाही मागतात. भाग ढीगभर, त्यात धातू बदलला तर काय, वीज सौर घेतली तर काय. माउसनं एकेक करत बसणं नको म्हणून आपण पायथनची वाट धरतो. हे स्वयंचलन.

स्वयंचलनाची पहिली पायरी अशी : एका माणसानं खुर्चीत बसून सॉफ्टवेअर उघडायचं, डेटाबेस उघडायचा, मेनूतल्या टूल्समध्ये डेव्हलपर टूल्स शोधायचं, त्यात आयपीसी सर्व्हर, आणि त्याच्या खिडकीतलं बटण दाबायचं. मग पायथनला सॉफ्टवेअरशी पोर्ट 8080 वर बोलता येतं. 8080 हा पोर्ट जगातल्या निम्म्या प्रोग्रॅमांचा लाडका असल्यानं तिथे आधीच कुणीतरी बसलेलं असू शकतं. खिडकी बंद केली तर कनेक्शन नाकारल्याचा लांबलचक एरर येतो. त्याला माझी हरकत नाही. किंबहुना या सगळ्या प्रवासात स्पष्ट बोलणारा तोच एक भेटतो.

हे बोलणं करून देणारी पायथनची लायब्ररी बसवताना नावात हायफन लिहायचा, वापरताना अंडरस्कोर. ही पायथनच्या घराण्याचीच रीत आहे, ती सोडून देऊ. सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती आली तेव्हा लायब्ररीही बदलली. डेटाचे साचे वेगळ्या पॅकेजात गेले आणि हिशोबाच्या मांडणीत जिथे ‘प्रॉडक्ट सिस्टीम’ लिहायचं तिथे ‘टार्गेट’ आलं. जुनी उदाहरणं अजून जागोजाग सापडतात. त्यातली ओळ उचलून जुन्या खान्यात सिस्टीम भरा, पायथन ती निमूट ठेवून घेतो. असा खाना आता नाही, हे तो सांगत नाही. सर्व्हरला पाठवायची वेळ आली की तेवढा मजकूर गाळून बाकीचं पाठवलं जातं.

उसने पैसे मागितल्यावर ‘नाही’ न म्हणता ‘बघतो’ म्हणणारे नातेवाईक असतात, तसा हा स्वभाव आहे. नावानं एखादी प्रक्रिया मागा. स्वल्पविराम चुकला असेल तर ‘नाही सापडली’ असा एरर येत नाही, ‘नन’ येतं, म्हणजे पायथनच्या भाषेत ‘काहीच नाही’. ते घेऊन आपण पुढे जातो. बऱ्याच ओळींनंतर, दुसऱ्याच कुठल्या तरी कामात, ‘नन’ला आयडी नसतो अशी तक्रार होते आणि आपण आयडी शोधत बसतो. एकाच नावाच्या दोन गोष्टी डेटाबेसमध्ये असतील तर मिळालेली हवी तीच असेल याची हमी नाही. म्हणून जाणकार नाव टाळून यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र ओळखक्रमांक, वापरा म्हणतात. छत्तीस चिन्हांची ती माळ कुणाच्या तोंडपाठ असते, हे मात्र ते सांगत नाहीत.

पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे शून्य. सगळं बरोबर जुळलं, निकाल तयार होईपर्यंत थांबायची ओळ लिहिली, थांबलो, आणि हवामानबदलाच्या रकान्यात शून्य उमटलं. भट्टीत वितळवून ओतलेला धातूचा ठोकळा, आणि वातावरणावर परिणाम शून्य. असं होतं कारण सॉफ्टवेअर मिथेनसारख्या वायूला नावानं ओळखत नाही, यूयूआयडीनं ओळखतं. एका स्रोतातल्या यादीतला मिथेन आणि दुसऱ्या स्रोतातल्या मोजणी-पद्धतीतला मिथेन यांची नावं अक्षरशः एक, पण ओळखपत्रं वेगळी. हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या पाचव्या अहवालात शंभर वर्षांच्या हिशोबानं मिथेनला कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट धरलंय. तो 28 पद्धतीत बसून असतो, वायू यादीत बसून असतो, त्यांची गाठ कधी पडत नाही. एररही येत नाही, कारण गणिताच्या दृष्टीनं चूक काहीच झालेली नाही.

तरी शून्य बरं, ते दिसतं तरी. खरा घात अर्धवट उत्तरात असतो. विजेची ओळ आहे, पण ती वीज पुरवणारी प्रक्रिया जोडायची राहिली, तर वीज आकाशातून पडल्यासारखी फुकट धरली जाते. आकडा शून्य येत नाही, फक्त छान येतो. कारखानदार खूश होतो. अशा वेळी शंका काढणारा सल्लागार कुणाला आवडत नाही.

निकाल वापरून झाला की तो टाकून द्यायलाही वेगळी आज्ञा द्यावी लागते. नाही दिली तर सर्व्हर प्रत्येक निकाल मेमरीत जपून ठेवतो आणि रात्रभर चालायला लावलेला हिशोब मध्यरात्रीच कधीतरी धापा टाकू लागतो.

हे सारं पार पडलं की आकडा हाती येतो, दशांशचिन्हानंतर चौदा-पंधरा घरं. त्यात ट्रकचं अंतर ‘चाकण ते न्हावाशेवा, अंदाजे’ असं फोनवर विचारून भरलेलं असतं आणि भट्टीची वीज गेल्या वर्षीच्या बिलाला भागांच्या संख्येनं भागून काढलेली. मी सभ्यपणे दोनच घरं ठेवून पाठवतो. गिऱ्हाईक उलट टपाली विचारतं, पूर्ण आकडा का दिला नाही?